नव्याने विणायला आणि कातायला शिकताना

लोकरीचा कोणताही विणलेला कपडा जवळून पाहिला की त्यात दोनच गोष्टी दिसतात: टाका आणि पीळ. टाका म्हणजे धाग्याच्या एका फासातून ओढून काढलेला दुसरा फास. पीळ म्हणजे सुट्या तंतूंना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारी मुरड. सुयांवर विणणाऱ्याला टाका कळावा लागतो, टकळीवर कातणाऱ्याला पीळ. छंद म्हणून यातलं काहीही शिकायचं असेल तर दोन्हींशी ओळख करून घ्यावी, आणि तीही लवकर, असं माझं ठाम मत आहे. नमुना समोर ठेवून ओळीमागून ओळ विणणं सरावाने जमतंच. पण टाका कुठे वाढला, काठ का वळतोय, धागा का तुटतोय, हे स्वतःच्या कामात पाहून ओळखता आलं की शिकण्याचा वेग एकदम वाढतो आणि आनंदही. म्हणून पुढे जिथे जिथे जमेल तिथे कृतीबरोबर कारणही सांगितलं आहे.

आधी तयार धाग्यावर विणकाम, मग कातणं, आणि शेवटी स्वतः कातलेल्या धाग्याचं विणकाम, असा क्रम मी सुचवेन. विणून झालेल्या हातांना चांगला धागा कसा लागतो ते माहीत असतं, त्यामुळे कातताना आपल्याला काय हवंय ते बोटांना लवकर समजतं.

सामान घेताना

पहिल्या कामासाठी मध्यम जाडीचा, गुळगुळीत, फिक्या रंगाचा धागा घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या धाग्यात टाके दिसत नाहीत. केसाळ, गाठीगाठींचा किंवा चकाकणारा धागा गुंड्यात सुंदर दिसतो, पण त्यावर शिकायला गेलं तर कुठला टाका आणि कुठली गाठ तेच समजत नाही. लोकर शिकायला सर्वांत सोयीची, कारण ती ताणली जाते आणि परत जागेवर येते. टाके थोडे लहानमोठे पडले तरी धुतल्यावर बरेचसे एकसारखे होतात. ॲक्रिलिक स्वस्त पडतं, यंत्रात धुता येतं आणि सरावाला छान आहे. सुती धागा मात्र फारसा ताणला जात नाही, त्यामुळे नवख्या हातांची बोटं लवकर दुखतात. तो नंतरसाठी ठेवा.

गुंड्याभोवतीची कागदी पट्टी फेकू नका. तीवर धाग्याचं वजन, लांबी, तंतूचा प्रकार, सुचवलेली सुई, दहा सेंटिमीटरमध्ये बसणारे टाके आणि धुण्याच्या खुणा असतात. शिवाय रंगाच्या नावाजवळ एक लॉट क्रमांक असतो. एकाच रंगाचे दोन गुंडे वेगवेगळ्या वेळी रंगवलेले असले तर छटा किंचित वेगळी निघते आणि स्वेटरच्या मधोमध पट्टा उमटतो. मोठ्या कामासाठी सगळे गुंडे एकाच लॉटचे आणि एक जास्तीचा घ्यावा.

सुयांच्या बाबतीत एक गोंधळ नवख्यांना हमखास गाठतो. जुन्या ब्रिटिश पद्धतीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत क्रमांक वाढला की जाड होते. ब्रिटिश ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर अमेरिकन ८ नंबरची ५ मिलिमीटरची. म्हणून क्रमांक सोडून द्या आणि मिलिमीटरच बघा. मध्यम जाडीच्या धाग्याला ४ ते ५ मिलिमीटरची सुई चालते. लाकडी किंवा बांबूच्या सुयांवर टाके घसरत नाहीत, म्हणून सुरुवातीला त्या बऱ्या. धातूच्या सुयांवर हात भरभर चालतो, पण तोवर टाके सांभाळायची सवय झालेली असावी. याशिवाय एक बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, कात्री, मोजपट्टी आणि एक क्रोशाची सुई लागेल. क्रोशे शिकायचा नसला तरी गळलेला टाका उचलायला तिच्यासारखं साधन नाही.

पहिले वीस टाके

सुरुवातीचे टाके घालायच्या पद्धती पुष्कळ आहेत. मी लांब शेपटाची पद्धत सुचवेन, कारण तिचा काठ लवचीक येतो आणि तीत पहिली ओळ आपोआप विणली जाते.

आधी सुईभोवती धाग्याचे वीस वेढे घ्या, तेवढी लांबी मोजा आणि वर वीतभर धागा सोडा. हे झालं शेपूट. तिथे एक सरकगाठ बांधून ती उजव्या हातातल्या सुईवर चढवा. सरकगाठ हाच पहिला टाका. आता शेपूट डाव्या अंगठ्यावरून आणि गुंड्याकडचा धागा तर्जनीवरून न्या, दोन्ही टोकं उरलेल्या बोटांनी तळहातात धरा. अंगठ्याभोवती जो फास तयार होतो त्यात सुई खालून वर घाला, तर्जनीवरचा धागा सुईच्या टोकाने पकडा, तो अंगठ्याच्या फासातून खाली ओढून आणा आणि अंगठा सोडून देऊन हलकेच आवळा. दुसरा टाका झाला. असे वीस घाला, मग सगळे काढून टाका आणि पुन्हा घाला. इथे दिलेला वेळ वाया जात नाही. घट्ट घातलेले टाके पुढच्या ओळीत सुईला आत शिरूच देत नाहीत, आणि बऱ्याच जणांचा उत्साह पहिल्या ओळीतच मावळतो तो यामुळे. टाके घट्ट पडतात असं वाटलं तर फक्त या कामापुरती अर्धा-एक मिलिमीटर जाड सुई वापरा.

आता सुलट टाका. टाके असलेली सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात, धागा कामाच्या मागे. उजव्या सुईचं टोक पहिल्या टाक्यात समोरून मागे घाला. ते डाव्या सुईच्या खालून पलीकडे जाईल. मागच्या धाग्याचा एक वेढा या टोकाभोवती घ्या. वेढा घेतलेलं टोक टाक्यातून पुन्हा समोर ओढा. उजव्या सुईवर नवा फास आला की जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. सुई घाला, वेढा घ्या, बाहेर काढा, सोडा. ओळ संपली की सुयांची अदलाबदल करा आणि पुढची ओळ सुरू करा.

धागा उजव्या हातात धरून सुईवर टाकायचा की डाव्या बोटावर ठेवून सुईने उचलायचा, यावर विणणाऱ्यांमध्ये खूप वाद होतात. दोन्हींतून निघणारं कापड सारखंच असतं. क्रोशे आधी येत असेल तर डाव्या हाताची पद्धत लवकर जमेल. डावखुऱ्यांनी सगळं आरशासारखं उलटं करून शिकायची घाई करू नये. दोन्ही हात कामात असतात, त्यामुळे नेहमीची पद्धतही बहुतेकांना जमते, आणि मग छापील नमुने आहेत तसे वापरता येतात.

दर ओळीनंतर टाके मोजा. वीसचे एकवीस झाले तर बहुधा काठावर घोळ झालेला असतो. ओळीच्या सुरुवातीला धागा सुईच्या वरून मागे गेला की पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर दिसतात आणि आपण एकाचे दोन टाके विणतो. उपाय सोपा आहे: नवी ओळ सुरू करताना धागा खाली ओढून सुईच्या खालूनच मागे न्या. वीसचे एकोणीस झाले तर एकतर दोन टाके एकत्र विणले गेले, नाहीतर एक गळला.

काम संपवताना दोन टाके सुलट विणा, मग डाव्या सुईने उजव्या सुईवरचा आधीचा टाका नंतरच्या टाक्यावरून उचलून सोडून द्या. एक राहिला. पुढचा एक विणा, पुन्हा तेच. शेवटचा एक उरला की धागा कापून त्यातून ओढून घ्या. इथेही हात सैल ठेवा.

वीण वाचणं

हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा इतका महत्त्वाचा आहे.

सुलट टाका समोरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. तोच टाका मागून पाहिला तर आडवा उंचवटा दिसतो. हा उंचवटा म्हणजेच उलट टाका. याचा अर्थ उलट टाका हा वेगळा टाका नाहीच. मागच्या बाजूने पाहिलेला सुलट टाकाच तो. उलट टाका विणताना धागा समोर आणायचा, सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे समोरच्या बाजूने घालायची, वेढा घ्यायचा आणि फास मागे ढकलून न्यायचा. एवढं समजलं की विणकामातल्या जवळजवळ सगळ्या विणी या दोन चेहऱ्यांच्या मांडणीतून तयार होतात हे लक्षात येतं.

सगळ्या ओळी सुलट विणल्या तर दोन्ही बाजूंनी आडव्या नक्षीचं, सपाट राहणारं कापड मिळतं. त्यातला एक उंचवटा म्हणजे दोन ओळी, त्यामुळे ओळी मोजणं सोपं. एक ओळ सुलट आणि एक उलट विणली तर समोरून गुळगुळीत, मागून खडबडीत असं स्वेटरचं नेहमीचं कापड होतं. या कापडाचे काठ मात्र वळतात: बाजूचे मागच्या अंगाला, वरचा-खालचा पुढच्या अंगाला. पुष्कळ जणांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तसं नसतं. एका बाजूला सगळे सुलट चेहरे आणि दुसऱ्या बाजूला सगळे उलट असले की फासांचा ताण एकाच दिशेने साठतो आणि कापड वळतं. इस्त्री फिरवूनही हा स्वभाव जात नाही. सुलट-उलट एकाच ओळीत मिसळले की ताण दोन्ही बाजूंना वाटला जातो. म्हणूनच काठाला दोन सुलट, दोन उलट अशी पट्ट्यांची वीण घालतात. ती सपाट राहते, वर अंग धरूनही ठेवते.

अशी वीण विणताना सुलटवरून उलटवर जाताना धागा दोन सुयांच्या टोकांमधून समोर आणायचा, परत जाताना तसाच मागे न्यायचा. सुईवरून नेला तर एक फुकटचा वेढा पडतो आणि पुढच्या ओळीत भोक दिसतं. जाळीदार विणीत हेच भोक मुद्दाम पाडतात.

विणलेलं कापड सबंध एकाच धाग्याचं असतं, म्हणून ते पूर्ण उसवता येतं आणि धागा परत वापरता येतो. यामुळे इथे चुकीची किंमत फार थोडी. टाका गळला तर घाबरून काम ओढू नका. कापडाची सुलट बाजू समोर घ्या, गळलेल्या टाक्यात क्रोशाची सुई समोरून मागे घाला, त्याच्या वरची आडवी शिडी (सुटलेला आडवा धागा) पकडून फासातून समोर ओढा आणि शिड्या संपेपर्यंत वर चढत जा. शेवटी टाका सुईवर ठेवताना त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे आला पाहिजे. डावा पाय पुढे राहिला तर तो टाका पिळलेला दिसेल. चूक चालू ओळीतच असेल तर एकेक टाका सोडवत मागे या. चार ओळी खाली असेल तर सुया काढून सरळ उसवा. नाजूक विणीत दर काही ओळींनी सगळ्या टाक्यांतून एक वेगळ्या रंगाचा बारीक धागा ओवून ठेवावा. उसवताना काम त्या ओळीवर थांबतं.

इजिप्तमध्ये सापडलेले विणलेल्या सुती कापडाचे जुने तुकडे साधारण ११व्या ते १४व्या शतकातले मानले जातात. निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या त्या मोज्यांची छायाचित्रं मिळाली तर जरूर बघा. वीण वाचता यायला लागली की त्यातला एकेक टाका ओळखता येतो, आणि इतक्या दूरच्या काळातल्या विणणाऱ्याचा हात आपल्या हातासारखाच चालत होता हे पाहून मन भरून येतं.

नमुन्याचा चौकोन

मोठं काम सुरू करण्याआधी १५ सेंटिमीटरचा एक चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या दहा सेंटिमीटरमधले टाके मोजा. सगळ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, तरी करावं. नमुन्यात दहा सेंटिमीटरला २० टाके सांगितले असतील आणि तुमचे २२ येत असतील, तर २०० टाक्यांचा १०० सेंटिमीटर घेराचा स्वेटर ९१ सेंटिमीटरचाच होईल. दोन टाक्यांनी एक अख्खं माप बदललं. टाके जास्त येत असतील तर जाड सुई घ्या, कमी येत असतील तर बारीक. हात मुद्दाम सैल किंवा घट्ट करायला जाऊ नका. तो चार ओळींनंतर मूळ पदावर येतोच.

काय विणावं

पहिलं काम म्हणून मफलर सगळे सुचवतात. मला ते पटत नाही. मफलर फार लांब असतो, नवं काही शिकायला मिळत नाही आणि अर्ध्यात कंटाळा येतो. त्यापेक्षा हाताच्या पंजाएवढे तीन-चार चौकोन विणा, प्रत्येक वेगळ्या विणीचा. त्यानंतर लगेच टोपी.

दहा सेंटिमीटरला २० टाके येत असतील तर मोठ्या माणसाच्या टोपीला १०२ टाके घाला: १०० टोपीचे आणि दोन शिवणीत जाणारे. पहिले पाच सेंटिमीटर दोन सुलट, दोन उलट विणा. समोरच्या बाजूची ओळ दोन सुलटनेच सुरू होईल आणि दोन सुलटनेच संपेल. मागच्या बाजूने टाके जसे दिसतील तसे विणायचे: समोर आलेला व्ही सुलट, उंचवटा उलट. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं एकूण उंची २० सेंटिमीटर होईपर्यंत. काठ दुमडायचा असेल तर पाच सेंटिमीटर जास्त. आता एका सुलट ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणा, ५१ उरतील. एक उलट ओळ साधी विणून पुन्हा दोन-दोन एकत्र करा, शेवटचा एक तसाच विणा, २६ उरतील. धागा लांब ठेवून कापा, बोथट सुईने तो सगळ्या टाक्यांतून ओवून घट्ट आवळा आणि त्याच धाग्याने बाजूची शिवण घाला. टोपी ताणली जाते म्हणून ती डोक्याच्या घेरापेक्षा चार-पाच सेंटिमीटर लहानच विणायची असते.

पुढची पायरी म्हणजे गोल विणणं, दोन टोकांमध्ये लवचीक तार असलेल्या सुईवर. यात काम कधी उलटवावं लागत नाही, म्हणून सतत सुलट विणलं तरी स्वेटरचं कापड तयार होतं. फक्त पहिला गोल जोडताना सुरुवातीचे टाके तारेभोवती पिळले गेलेले नाहीत ना, ते नीट पाहा. पिळलेला गोल नंतर सरळ करता येत नाही, पूर्ण उसवावाच लागतो.

क्रोशाबद्दल थोडंसं: त्यात बहुधा एका वेळी एकच फास सुईवर असतो, त्यामुळे टाके गळायची भीती नसते. साखळी, मुका खांब आणि खांब या तीन मूळ टाक्यांवर पुष्कळ काही होतं. कापड जाड आणि कमी लवचीक येतं. पिशव्या, खेळणी, पांघरूण यांसाठी ते उत्तम. अंगाला बसणाऱ्या कपड्यांसाठी मी सुयांकडेच वळेन.

टकळी हातात घेण्याआधी

कातण्याचं पहिलं काम साधनाविना करा. लोकरीचा किंवा कापसाचा एक पुंजका घ्या, दोन्ही हातांनी हळू ओढा. तंतू एकमेकांवरून घसरतील आणि शेवटी तुकडे सुटतील. आता थोडं ओढून झालं की ओढलेला भाग बोटांनी एकाच दिशेला पिळा आणि मग ओढा. तो आता सुटत नाही. पीळ तंतूंना एकमेकांवर दाबतो, दाबलेले तंतू घसरत नाहीत, आणि सुट्या तंतूंचा धागा होतो. हे स्वतःच्या बोटांना जाणवलं की कातण्याचं अर्धं शिक्षण झालं.

दुसरी गोष्ट तंतूच्या लांबीची. कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो. लोकरीचा जातीप्रमाणे पाच ते पंधरा सेंटिमीटर. दोन्ही हात एका तंतूच्या लांबीपेक्षा जवळ असतील तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुम्ही धरलेली असतात. मग कितीही जोर लावा, लोकर ओढली जाणार नाही. हात थोडे लांब न्या, लगेच घसरेल. "लोकर ओढलीच जात नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

शिकायला मध्यम लांबीची, किंचित खरखरीत लोकर घ्या. कॉरिडेल जातीच्या मेंढीची लोकर नवख्यांना चांगली. मेरिनो मऊ असते म्हणून सगळे तीच घेतात, पण तिचे तंतू बारीक आणि आखूड, पीळ कमी पडला की निसटतात. लोकर पिंजून पट्ट्याच्या रूपात तयार मिळते तीच घ्या. कच्ची लोकर धुणं आणि पिंजणं ही वेगळी विद्या आहे. कापूस टकळी टेकवून कातायचा असतो आणि हात बसल्यावर करायचा.

टकळी ३५ ते ६० ग्रॅम वजनाची, वर चकती आणि आकडा असलेली असू द्या. फार हलकी टकळी लगेच थांबून उलटी फिरू लागते, फार जड टकळी बारीक धागा तोडते. घेताना फिरवून बघा: डुगडुगत असेल तर नको.

थांबून कातणं

टकळी लोंबकळत ठेवून एकाच वेळी फिरवणं, ओढणं आणि पीळ आवरणं हे पहिल्या दिवशी करायला जाऊ नका. दोन कामं वेगळी करा.

विणायच्या लोकरीचा हातभर तुकडा टकळीच्या दांडीला बांधा, चकतीच्या कडेवरून वर घेऊन आकड्यात अडकवा. पिंजलेल्या पट्ट्याची उभी चीर पाडून अंगठ्याएवढी जाड पट्टी घ्या, तिचं टोक पसरून धाग्याच्या मोकळ्या टोकावर बोटभर ठेवा आणि तिथे चिमटीत धरा. दुसऱ्या हाताने टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. पीळ धाग्यात साठू द्या, भरपूर. मग टकळी दोन गुडघ्यांत पकडून थांबवा.

आता दोन्ही हात मोकळे झाले. खालच्या हाताची चिमूट म्हणजे पिळाचा दरवाजा. ती बंद ठेवून वरच्या हाताने लोकर हव्या त्या जाडीपर्यंत ओढा, मग चिमूट सैल करून वर सरकवा. साठलेला पीळ ओढलेल्या तंतूंत धावत शिरेल आणि धागा तयार होईल. पुन्हा चिमूट बंद, पुन्हा ओढा. पीळ चिमटीच्या पलीकडे सुट्या लोकरीत शिरू देऊ नका. शिरला तर तिथे लोकर अडकते आणि गोळा तयार होतो. साठलेला पीळ संपला की टकळी परत फिरवा. हातभर धागा झाला की आकड्यातून सोडवून दांडीवर, चकतीजवळ, गुंडाळा आणि पुन्हा आकड्यात अडकवा.

धागा बारीक-जाड येईल. पीळ नेहमी बारीक जागी आधी धावतो आणि जाड जागा सैल राहतात. जाड गाठीच्या दोन्ही बाजूंना धरून पीळ किंचित उलट सोडा, हलकेच ओढा, मग परत पीळ जाऊ द्या; ती सडपातळ होईल. धागा तुटला तर तुटलेलं टोक थोडं उकलून, झुबकेदार करून नव्या लोकरीवर ठेवा आणि पीळ जाऊ द्या. गाठ कधीच मारायची नाही. पीळ पुरेसा आहे का, हे पाहायला ताज्या धाग्याची दोन टोकं जवळ आणून मधला भाग सैल सोडा. तो स्वतःभोवती गुंडाळला जाईल आणि तुमचा दुपदरी धागा कसा दिसेल याचा नमुना तिथेच मिळेल.

रोज थोडा वेळ काता. सलग तीन तास बसण्यापेक्षा वीस-वीस मिनिटांचे तुकडे बोटांना जास्त शिकवतात. थांबवून कातणं सहज होऊ लागलं की टकळी न थांबवता ओढायचा प्रयत्न करा. यंत्रं तर फार नंतरची. चरखा येण्याआधी तर कपड्यांपासून जहाजांच्या शिडांपर्यंत लागणारं बहुतेक सगळं सूत अशा टकळ्यांवरच निघत होतं.

दुपदरी करणं आणि पीळ बसवणं

एकपदरी धाग्यात सगळा पीळ एकाच दिशेचा असतो, तो मोकळा व्हायला धडपडत असतो. त्याचं गुळगुळीत कापड विणलं तर चौकोन तिरका होऊन शंकरपाळ्यासारखा दिसायला लागतो. दोन एकपदरी धागे एकत्र घेऊन उलट दिशेने पिळले की दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात. धागा मजबूत, गोल आणि बराच एकसारखा होतो, कारण एकाची जाड जागा दुसऱ्याच्या बारीक जागेवर येण्याची शक्यता असते.

दोन टकळ्यांचा धागा वेगवेगळ्या गुंड्यांत गुंडाळून एक रात्र ठेवा, म्हणजे पीळ जरा शांत होतो आणि हाताळायला सोपा जातो. गुंडे दोन वाडग्यांत ठेवा, टोकं एकत्र टकळीला बांधा आणि या वेळी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. दोन्ही धाग्यांवर सारखाच ताण ठेवा. एक सैल राहिला तर तो दुसऱ्याभोवती नुसता गुंडाळला जातो.

तयार धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करा, चार जागी सैल बांधा आणि कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात चोळलं किंवा एकदम गरमातून गारात टाकलं तर ते एकमेकांत अडकून लड नमद्यासारखी घट्ट होते आणि ते कधीच सुटत नाही. म्हणून चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि टांगा. वाळलेली लड सरळ लोंबली तर पीळ तोललेला आहे. स्वतःभोवती पिळली तर दोन पिळांपैकी एक जास्त झाला; थोडीशी पिळली तर विणायला हरकत नाही.

सुई ठरवण्यासाठी तुमचा धागा पट्टीवर २.५ सेंटिमीटर रुंदीत शेजारी-शेजारी गुंडाळा, वेढे मोजा आणि जाडी माहीत असलेल्या विकतच्या धाग्याचे वेढे मोजून तुलना करा. वेढे जुळले की सुईही जुळेल. पहिल्या लडीचं जे काही होईल ते विणा, अगदी पंजाएवढा चौकोन का असेना. कुठे पीळ कमी पडला, कुठे जास्त, हे विणताना बोटांना जितकं स्पष्ट कळतं तितकं नुसतं बघून कळत नाही.

हात आणि लोकर सांभाळणं

मनगट वाकवून, खांदे आवळून विणलं तर दुखणं मागे लागतं. वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडा, बोटं उघडा-मिटा. दुखत असताना "ही ओळ संपवू" म्हणून रेटू नका. उजेड कामावर पडावा.

लोकरीची खरी वैरी म्हणजे कपड्यांची कसर. तिच्या अळ्या लोकर खातात, आणि घाम किंवा अन्नाचे डाग असलेली लोकर त्यांना आधी सापडते. म्हणून वापरलेले कपडे न धुता ठेवू नयेत, धुऊन पूर्ण वाळवून बंद डब्यात ठेवावेत, आणि अधूनमधून उघडून बघावं. विणलेला स्वेटर टांगायचा नाही, घडी घालून ठेवायचा. टांगला की स्वतःच्या वजनाने लांबतो.

प्रत्येक धाग्याचा एक छोटा चौकोन, त्याला धाग्याची पट्टी टाचून, वहीत ठेवत चला. त्यावर सुईचं माप, दहा सेंटिमीटरमधले टाके आणि धुतल्यावर काय झालं ते लिहा. कातलेल्या धाग्याच्या बाबतीत लोकरीची जात, टकळीचं वजन आणि पदर किती तेही.

चरखा घ्यावा का, हा प्रश्न काही महिन्यांत येईलच. टकळीवर एका जाडीच्या दोन लडी लागोपाठ काढता येत असतील तर जरूर घ्या. मिळाला तर आधी दुसऱ्याचा चालवून बघा. चाक आणि चाती (धाग्याला पीळ देणारी फिरती दांडी) यांचं गुणोत्तर विचारून घ्या: ६ ला १ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात सहा पीळ. जाड धाग्याला कमी गुणोत्तर, बारीक धाग्याला जास्त. आणि पहिल्या दिवशी लोकर न लावता नुसतं चाक फिरवा, हवं तेव्हा थांबेल आणि त्याच दिशेला परत सुरू होईल इतकं ते हाताला किंवा पायाला सरावेपर्यंत.